पायपारखी

सायखेड्यात देवळाच्या पायरीशी, लग्नाच्या मांडवात नाहीतर आठवडे बाजारात एक गृहस्थ हमखास दिसतो. तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतच नाही. नजर कायम खाली, त्यामुळे नवखा माणूस त्याला विनयशील समजतो. पण तो विनय नसतो, तपासणी असते. टाचेला भेगा किती, अंगठा सरळ की आत वळलेला, तळव्याखाली पोकळी आहे की सगळा पाय जमिनीला चिकटतो, एवढं तो तुमचा रामराम पुरा होण्याआधी टिपतो. या पायपारख्याला पदवी नाही, फी नाही आणि शंका तर कधीच नाही. मुलगी पाहायला गेल्यावर बाकीची मंडळी शिक्षण, नोकरी, द्राक्षाचा बाग किती एकर, हे विचारत बसतात. हा मात्र मुलीला पाण्याचा तांब्या आणायला लावतो, ती येता-जाताना काय पाहायचं ते पाहतो आणि अंगणात आल्यावर निकाल देतो : "पोरगी झ्याक ये, पण अंगठ्याशेजारचं बोट पाह्यलं का? घरात हिचंच चालंल." मुलाचं तेच बोट तेवढंच लांब असू शकतं, पण मुलानं पायमोजे घातलेले असतात आणि ते काढायला त्याला कोणी सांगत नाही.

या शास्त्राचा शोध त्यानं लावलेला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कन्येची लक्षणं सांगताना अंगठ्याच्या पुढं गेलेल्या बोटाबद्दल याहून कितीतरी वाईट लिहिलं आहे. 'घरात हिचंच चालंल' हा त्यामानानं सौम्य निकाल. गंमत अशी, की ग्रीक शिल्पकारांनी नेमकं हेच लांब बोट देखणं मानून देवदेवतांच्या पुतळ्यांना बसवलं, आणि न्यूयॉर्कच्या बंदरातली 1886 सालची स्वातंत्र्यदेवताही तसलंच बोट घेऊन उभी आहे. ती सायखेड्यात पाहायला मिळाली असती तर पहिल्याच बैठकीत नापास झाली असती. तात्पर्य, बोटाची लांबी हा रोग नाही, स्वभाव तर नाहीच. चारचौघांत ज्याच्या हाती निकाल असतो, त्याची ती आवड असते.

इतके दिवस हा माणूस नुसता नापास करायचा, तोवर त्याचं उपद्रवमूल्य मर्यादित होतं. आता तो उपायही सांगतो. "नाशकाला नेऊन ऑपरेशन करून टाका, लग्नाआधी पाय नीट होईल." अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढं आलेलं दिसलं की हा सल्ला ठरलेला. हे हाड येतं कुठून? काही घराण्यातून, काही पादत्राणातून. हाँगकाँगमधल्या, 1958 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बूट घालणाऱ्यांपैकी 33 टक्के लोकांचा अंगठा असा वळलेला आढळला, अनवाणी वावरणाऱ्यांत जेमतेम 2 टक्के. म्हणजे चिंचोळ्या टोकाची सँडलही गुन्ह्यात सामील, आणि पायपारखी मुलीच्या पायाला नावं ठेवून लग्नाच्या बस्त्यात तसलीच सँडल पसंत करतो. ऑपरेशनमध्ये हाड कापून, सरकवून स्क्रूनं बसवतात. मग काही आठवडे त्या पायावर नीट भार देता येत नाही आणि सूज महिनोन् महिने रेंगाळू शकते. अंगठा ताठ होणं, बोट बधिर राहणं, हाड पुन्हा वळणं, हे धोके डॉक्टरच आधी सांगतात. जिला दुखण्यानं चालवत नाही, चप्पल रुंद करूनही आराम पडत नाही, तिनं हे धोके पत्करणं शहाणपणाचं आहे. पण नुसतं दिसायला बरं म्हणून? पावसाळा सरला की या भागात कांद्याची लागवड सुरू होते. दिवसभर उकिडवं बसून, चवड्यावर भार देत रोप लावायचं, तर अंगठा मागं वळावाच लागतो. जो अंगठा वाकडा पण वळता होता तो सरळ पण ताठ झाला, तर फोटोत शोभेल आणि वाफ्यात अडेल.

यावर पायपारख्याकडे उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच पोकळ नाही. वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करता ना, मग बोटांनीच काय घोडं मारलं? मुद्दा असा, की दातांवर उभं राहून कोणी बाजाराला जात नाही. पावलात 26 हाडं आहेत आणि प्रत्येक पावलागणिक सगळ्या अंगाचं ओझं त्यांच्यावर पडतं. एका हाडाची जागा बदलली की ते ओझं शेजारच्याकडे सरकतं. पायाच्या शल्यविशारदांच्या अमेरिकन संघटनेनंसुद्धा नुसत्या रूपासाठी पावलावर शस्त्रक्रिया करू नये असं सांगून ठेवलं आहे. आपल्या धंद्याला येणारं गिऱ्हाईक जाणकार स्वतःहून परत पाठवतात, तेव्हा गिऱ्हाइकानं ऐकावं. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे : लोक बघतातच, स्थळं मोडतातच, मग मुलीनं भोगायचं का? भोगू नये. पण ज्या घराला बोटाची लांबी खटकते त्याला पुढं रंग खटकेल, उंची खटकेल. त्या यादीचा शेवट कोणत्याच दवाखान्यात होत नाही.

मुलग्यांच्या बाबतीत पायपारख्याची करडी नजर तळव्यावर. सैन्यभरतीसाठी पहाटे पळणारी पोरं त्याला ओला पाय फरशीवर उमटवून दाखवतात आणि तो "सपाट ये, गेला तू" म्हणून मोकळा होतो. भरतीत सपाट पावलाची अडचण येते, हे खरं. पण चवड्यावर उभं राहिल्यावर कमान उठते का, पाऊल लवचीक आहे का, हे डॉक्टर पाहतात. पायपारख्याला फरशीवरचा ठसा पुरतो. लहान मुलांचे तळवे तर सपाटच असतात, कमान पुढं काही वर्षांत उभी राहते. मणिपालच्या डॉक्टरांनी 1992 साली 2300 मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चपला-बूट घालणाऱ्या मुलांत 8.6 टक्के पाय सपाट, अनवाणी मुलांत 2.8. नातवाला पहिल्या वाढदिवसाला कडक बूट आणणाऱ्या आजोबांनी हे आकडे वाचायला हरकत नाही, आणि ते आजोबा पुष्कळदा पायपारखीच असतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण जिथं खरोखर धावपळ करायला हवी, तिथं हाच माणूस हात वर करतो. बाळ दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन जन्मलं, की तो ऑपरेशनचं नाव काढत नाही. "आईनं गिऱ्हाण पाळलं नसंल. तेल लावा, मोठेपणी होईल सरळ." ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही, आणि पाऊल तेलानं सरळ होत नाही. हजारात एखाद-दुसऱ्या बाळाला हा दोष असतो. आयोवाच्या इग्नासिओ पोन्सेटी यांनी घालून दिलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हळूहळू वळवून प्लास्टर घालतात, साधारण पाच ते सात वेळा. मग बहुतेकांना टाचेमागच्या शिरेला एक बारीकसा छेद, आणि चौथ्या वर्षापर्यंत झोपताना पट्टीनं जोडलेले बूट. मोठी चिरफाड सहसा लागतच नाही. सुरुवात मात्र जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झालेली बरी. म्हणजे जिथं वाट पाहायला हरकत नाही तिथं हा सुरी काढायला सांगतो आणि जिथं दिवस मोजायचे तिथं वर्षं सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून या दोषाचा समावेश आहे आणि त्यातून होणारे उपचार मोफत आहेत. तेव्हा घरात असं बाळ आलं तर आशाताईंना गाठा, जिल्हा रुग्णालयाची वाट धरा, आणि पायपारखी बारशाला जेवायला येईल तेव्हा त्याला प्लास्टर बघू द्या.