आधी सातबारा, मग मशीन

मार्च २०२५. ‘छावा’ हा सिनेमा नुकताच येऊन गेला होता. बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला मुघलांचं सोनं पुरलंय अशी आवई उठली आणि लोक रात्री बॅटऱ्या, कुदळी घेऊन शेतांत उतरले. काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते. शेत दुसऱ्याचं, खड्डे यांचे. शंभूराजांवरचा सिनेमा बघून हे सुचावं याचा मला संताप आला, अजूनही येतो.

मशीन आता काही हजारांत घरपोच मिळतं. त्यामुळे तरुण पोरं विचारतात, ‘कोणतं घेऊ?’ प्रश्नच चुकतोय. ‘कुठे फिरवू?’ हे आधी विचारा. त्याचं उत्तर नसेल तर पैसे खर्चू नका.

किल्ल्यावर फिरवायचं नाही. किल्ला संरक्षित असेल तर परवान्याशिवाय तिथे कुदळ मारणं गुन्हा आहे. राष्ट्रीय स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकामसुद्धा चालत नाही, मग तुमचा खड्डा कुठून चालेल? ‘आमच्या गावचा किल्ला यादीत नाही’ ही पळवाटही नको. यादीत नसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा आहे, बऱ्याचदा वनखात्याच्या. पांढरीची टेकाडं, पडके वाडे, बारवा, देवळांमागची जागा, सगळं याच हिशेबात धरा. गावकुसाजवळच्या पांढऱ्या मातीत खापरं दिसली की तिथून मागे फिरायचं आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

मग उरतं काय? शेत. आधी स्वतःचं. दुसऱ्याचं असेल तर सातबारा काढा, नावं वाचा. चार भावांची सामाईक जमीन असेल तर एकाची मान हलली म्हणून भागत नाही. चौघांची लेखी परवानगी घ्या, काही सापडलं तर काय करायचं तेही त्याच कागदावर लिहा. वाट्याने कसणारा असेल तर त्यालाही विचारा. रान मोकळं असताना जा, खड्डा बुजवून या. खुरपताना हरवलेली मंगळसूत्राची वाटी किंवा जोडवं एखाद्या बाईला शोधून दिलंत, तर त्या गावात पुढच्या वेळी तुम्हाला परवानगी मागावी लागणार नाही, लोकच बोलावतील. नवशिक्यानं सुरुवात इथूनच करावी.

सापडणार काय, तेही ऐकून ठेवा. खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटल्यांची बुचं, बैलाच्या पत्र्या, फाळाचं मोडकं टोक. आपली माती बसाल्टची, लोहयुक्त. स्वस्तातलं मशीन तिच्यावर उगाचच ओरडत राहतं. मातीप्रमाणे जुळवून घेता येणारं मशीन असलं, तरी लहान नाणं ते वीतभर खोलीपर्यंतच पकडतं. हंडे दाखवणारी जाहिरात खोटी आहे. आणि मशीनसोबत कुणी मांत्रिक आणत असेल, गुप्तधनासाठी पूजा घाला म्हणत असेल, तर थेट पोलीस ठाणं गाठा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३पासून आहे.

आता कायद्याचा मुख्य मुद्दा. शेत तुमचं असलं तरी पुरलेला ठेवा आपोआप तुमचा होत नाही. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की कलेक्टरला लेखी कळवायचं. दडवलात तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि वाटाही जातो.

कळवायचं कशाला, हे दायमाबादला विचारा. १९७४ साली प्रवरेकाठच्या या गावात छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. भारतीय पुरातत्त्वातला हा फार मोठा ठेवा. पुढे तिथे रीतसर उत्खननही झालं, तरी या वस्तू नेमक्या कोणत्या काळातल्या याचा वाद पूर्ण मिटला नाही, कारण त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या याची नोंद नव्हती. त्यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. पण जाणूनबुजून मशीन घेऊन निघालेल्याला ही सबब नाही.

उलट उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं. १९०६ साली तिथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा उमटवला होता. हरलेल्या राजाच्या नाण्यांवर जिंकलेल्याची मोहर! हे उमगलं ते ठेवा एकत्र तपासला गेला म्हणून. हीच नाणी मूठमूठभर सराफाच्या मुशीत गेली असती तर? शिवराई पाचशे-हजाराला विकणाऱ्यांनो, गडावरच्या मातीतून उचललेल्या प्रत्येक नाण्यामागे तुम्ही हेच करता आहात.

पण सगळा राग पोरांवर काढून चालणार नाही, सरकारलाही बोललं पाहिजे. १८७८चा हा कायदा प्रामाणिक माणसाला देतो काय? सरकारनं ठेवा घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. तांब्याच्या नाण्याला म्हणजे काहीच नाही. मग चोरबाजार जिंकतो यात नवल ते काय? इंग्लंडमध्ये १९९६च्या कायद्यानं बाजारभावानं मोबदला मिळतो, तो सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. १९९७पासून किरकोळ वस्तूंची नोंद घेणारे अधिकारीही नेमलेत. २०१५ साली तिथे व्हायकिंग काळातले दोन ठेवे मिळाले. दोन्हींत आल्फ्रेड आणि केओलवुल्फ या दोन राजांची, शेजारी शेजारी बसलेल्या दोन सम्राटांचं चित्र असलेली दुर्मिळ नाणी होती. वॉटलिंग्टनचा ठेवा सापडणाऱ्यानं कळवला, तो साडेतेरा लाख पौंडांना ऑक्सफर्डच्या संग्रहालयानं घेतला. हेरेफर्डशरचा दोघांनी दडवून विकला, ते २०१९मध्ये तुरुंगात गेले. अंदाजे तीनशे नाण्यांतली तीसेकच हाती लागली. म्हणजे तिथेही चोर आहेतच, पण कळवणाऱ्याला मार्ग ठाऊक आहे आणि तो मार्ग त्याला भिकेला लावत नाही.

आपल्या बारा किल्ल्यांना २०२५मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतले अकरा महाराष्ट्रात. सोहळे झाले, फलक लागले. आता प्रत्येक कलेक्टर कचेरीत एक टेबल मांडा, जिथे शेतकरी सापडलेली वस्तू न घाबरता आणून ठेवेल, पोच घेईल. त्या पोचवर शेताचा गट नंबर आणि खोली लिहून घ्या. आणि मोबदला धातूच्या वजनावर नको, बाजारभावानं द्या.