लाल पेनाची आंघोळ

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी लाल पेन चालवायचो. कुणी नेमलं नव्हतं. पण सेक्रेटरींनी 'सेपरेट'मध्ये पीपुढे ए सोडून ई घातला, की मला जेवण जात नसे. एकदा मेंटेनन्सच्या नोटिशीत 'रिसीट'मधला पी गळाला. मी काकपद काढून तो घुसवला आणि जिन्यात सेक्रेटरींना गाठून सांगितलं, की हा पी उच्चारायचा नसतोच. लॅटिनच्या नादी लागलेल्या पंडितांनी तो मागाहून खोचला. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधल्या बीचीही तीच कथा.

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे मी मूळचंच लिहिलं होतं की!"

खरं तर माझी स्वतःची इमारत 'कनोवलेडगे'वर उभी आहे. पाचवीत एबीसीडी भेटली, आणि 'नॉलेज' हा शब्द आम्ही वर्गात असाच घोकला. आजही बुधवार लिहिताना ओठ गुपचूप 'वेड-नेस-डे' म्हणतात. हे मी कुणाला सांगत नाही.

शेवटी वैतागून सेक्रेटरींनी नोटिशी लिहायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. पहिलीच नोटीस: रविवारी टाकी धुणार, दिवसभर पाणी बंद. गैरसोयीबद्दल दिलगिरी लिहायची होती, पण 'इन्कन्व्हिनियन्स'च्या स्पेलिंगला मी घाबरतो. म्हणून 'जरा कळ सोसा' या अर्थी 'प्लीज बेअर विथ अस' असं छापलं. कॉम्प्युटरनं एकही लाल रेघ मारली नाही. कशी मारणार? बी-ई-ए-आर हाही शब्द, बी-ए-आर-ई हाही शब्द. पहिल्याचा अर्थ सोसणं. (अस्वल असाही होतो, तेही परवडलं असतं.) दुसऱ्याचा अर्थ उघडं होणं.

मी दुसरा लिहिला होता.

थोडक्यात, ऐन पाणी बंदच्या दिवशी मी 28 बिऱ्हाडांना आमच्यासोबत कपडे उतरवण्याची नम्र विनंती केली होती. खाली सही माझी, नावासकट.

नोटीस चार दिवस तशीच लटकली. कुणी एक अक्षर दुरुस्त केलं नाही. फक्त बोर्डाच्या खिळ्याला सुतळीनं एक लाल पेन बांधलेलं दिसलं; टोपणावरच्या दातांच्या खुणांवरून ओळखलं, माझंच.

शनिवारी रात्री सेक्रेटरींचा फोन आला. आवाज अगदी कामकाजी.

"उद्याचं विचारायचं होतं. टॉवेल ज्याचा त्यानं आणायचा, की सोसायटीच्या खर्चानं?"