पन्नी कोणाचीही असो: दारव्हेकरांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

कचरा टाकणे कोणालाही जमते. त्याचे विधिवत वर्गीकरण करायला मात्र घरात एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक असावा लागतो. आमच्याकडे तो आहे. त्यामुळे दारव्ह्यातील समस्त गृहस्थाश्रमी बांधवांसाठी हे मार्गदर्शन लिहिण्याचा अधिकार मला वारसाहक्काने मिळाला आहे.

साहित्य: हिरवा डबा एक, निळा डबा एक, ऑइलपेंटचा रिकामा डबा एक. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरच्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले, म्हणून डबे तीन. बाबांनी हे सगळे फ्रीजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहून मोरीच्या दाराला टांगले आहे. अक्षर इतके वळणदार की घाईत असलेला माणूससुद्धा दोन ओळी वाचूनच आत जातो. खाली सही आणि 'आज्ञेवरून'. आज्ञा कोणाची, ते लिहिलेले नाही.

नियम पहिला. कुजते ते ओले. पाण्यात भिजलेला पुठ्ठा ओला कचरा नव्हे, आणि कडक झालेली शिळी पोळी सुका कचरा नव्हे. या एका मुद्द्यावर माझ्या बायकोने दोनदा तोंडी परीक्षा दिली आहे. दुसऱ्यांदा पास झाली.

नियम दुसरा, दुधाच्या पन्नीचा. पुण्याकडचे लोक पन्नीला पिशवी म्हणतात, म्हणोत. कोपरा कापताना तुकडा सुटा करायचा नाही. चीर द्यायची, तुकडा पन्नीलाच लटकत राहिला पाहिजे. तो नखाएवढा तुकडा एकदा सुटला की नालीत जातो, तो वेचायला कोणी वाकत नाही. रिकामी पन्नी विसळायची, दोरीवर चिमटा लावून वाळवायची, मगच निळ्या डब्यात. खरकट्या पन्नीला भंगारवाला हात लावत नाही, आणि तिच्यापायी सोबतची चांगली रद्दीही नासते. तक्त्यावर या नियमाखाली दोन रेघा मारल्या आहेत: 'पन्नी कोणतीही असो, कोणाचीही असो, धुऊन वाळवल्याखेरीज घराबाहेर जाणार नाही.' वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

नियम तिसरा. चिप्सचे पाकीट मुठीत चुरगाळावे. मूठ उघडल्यावर ते पुन्हा फुलले आणि आतून चंदेरी दिसले, तर समजावे की वेगवेगळ्या जातीचे थर एकमेकांना चिकटवले आहेत. ते सोडवणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. निळ्या डब्यात टाकावे, पण पुण्य लागेल अशी आशा धरू नये.

नियम चौथा. फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा. ही ठिपक्याची रीत पुण्याच्या कचरावेचकांकडून आली; त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून तिथल्या महापालिकेबरोबर काम करते. हा नियम चेष्टेचा नाही. आपण डोळे मिटून टाकलेले शेवटी कोणीतरी हाताने निवडतच असते.

नियम पाचवा. संपलेले सेल, ट्यूबलाइट, मुदत गेलेली औषधे पेंटच्या डब्यात. डबा भरल्यावर काय करायचे, ते तक्त्यावर नाही. डबा अजून भरलेला नाही.

नियम सहावा. मोतीबाग स्टेशनवर काढलेली शकुंतला रेल्वेची जुनी तिकिटे रद्दीत मोजू नयेत. गाडी बंद पडली, तिकिटे बाबांच्या पेटीत आहेत. विषय काढू नये.

नियम सातवा. रिकाम्या प्लॉटकडे कचरा हातात घेऊन बघूसुद्धा नये. प्रत्येक ले-आऊटमध्ये असा एक प्लॉट असतो. मालक पुण्यात बसून भाव वाढायची वाट पाहतो, आणि तोवर प्लॉटवर काय वाढते ते आम्ही पाहतो. पहाटे फिरायला निघालेल्या सद्गृहस्थांच्या जाताना हातात एक पन्नी असते, येताना नसते. मीही एकदा फेकली आहे, दिवाळीत, अंधार होता. फेकणे, जाळणे आणि पुरणे या तिन्हींना २०१६ च्या नियमांनी मनाई केली. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. ते दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आमच्या बाबांनी थेट कीर्तनाला हात घातला.

आता मुख्य विधी, खताचा. अक्षय तृतीयेला घरात नवा माठ येतो, तेव्हा जुना फेकू नये. त्याच्या तळाला आणि अंगाला भोके पाडावीत. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर मूठभर जुने शेणखत. मग भाजीची देठे, आलूचे सालटे, धुतलेली चहापत्ती. साखर राहिली तर मुंग्या लागतात. मटणाची हाडे टाकू नयेत, ले-आऊटमधली सगळी कुत्री ओळख काढत येतात. ओल्याच्या दुप्पट कोरडे घालावे. पुस्तके इथे नारळाचा भुसा विकत आणायला सांगतात. दारव्हा तालुक्यात राहून ज्याला सोयाबीनचे कुटार दिसत नाही, त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. आठवड्यातून एकदा वरखाली करावे. वास आला तर कुटार वाढवावे. काहीच घडत नसेल तर आंबट ताक शिंपडावे. ओल नीट आहे का हे मुठीने कळते: दाबल्यावर थेंब गळले तर जास्त, लाडू वळला तर बरोबर, भुगा झाला तर कमी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ कडे जातो, तेव्हा भुगाच होतो. रोज ओंजळभर पाणी द्यावे.

हे सगळे बाबा स्वतः करतात. माठाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही. आम्हाला वाटायचे, केवढी ही निष्ठा.

यंदा पोळ्याच्या आधी त्यांचा गुडघा धरला, म्हणून पहिला माठ आईने आणि मी रेतीच्या जाळीवर चाळला. खत देखणे निघाले. काळे, मोकळे, पहिल्या पावसासारख्या वासाचे. जाळीवर राहिल्या आंब्याच्या दोन कोया, घरभर शोधलेला एक चमचा आणि सतरा पन्न्या. पातळ, पारदर्शक, तंबाखूचा खर्रा घोटतात त्या. प्रत्येकीची चौकोनी घडी, कडेला कड जुळवून. अशी घडी आमच्या घरात एकच माणूस घालतो. खर्रा डॉक्टरांनी वर्षापूर्वी बंद केला होता, आणि बाबांनी तो सोडल्याबद्दल आईने नवससुद्धा फेडला होता.

"वाऱ्यानं आल्या असतील," बाबा खाटेवरून म्हणाले. "त्या प्लॉटवरून."

"घडी घालून?" आई म्हणाली. "आलूचे सालटे मातीत गेले, मास्तर. तुमची आदत नाई गेली."

बाबांनी पन्नीची जाडी, मायक्रॉन, असे काहीतरी सुरू केले. आईने ऐकले नाही. तिने मोरीच्या दारावरचा तक्ता एकदा वाचला, दोन रेघांपाशी बोट ठेवून. मग बादली घेतली, सतराही पन्न्या साबणाने धुतल्या आणि अंगणातली मागची दोरी सोडून समोरच्या, रस्त्याकडच्या दोरीवर एकेक वाळत घालायला घेतली.

घरात चिमटे बाराच होते. उरलेले पाच मागून आणायला तिने शेजारच्या काकूंकडे बाबांनाच पाठवले, दुखऱ्या गुडघ्यासकट.