मंडणगडात ऐतिहासिक आलिशान हॉटेल कसे काढावे

आजोबांनी बांधलेले जांभ्याचे घर, वर मंगलोरी कौले, पुढे ओटी आणि झोपाळा, मागे न्हाणीघर, आणि दर गणपतीत मुंबईहून येऊन ‘हे पाडू आणि स्लॅब टाकू’ म्हणणारा मुलगा, एवढे भांडवल ज्यांच्याकडे आहे त्या मंडणगडकरांनी पुढील मजकूर काळजीपूर्वक वाचावा. ज्यांचा स्लॅब टाकून झाला आहे आणि गळतो म्हणून त्यावर पत्राही चढला आहे, त्यांनी वाचून जिवाला घोर लावून घेऊ नये. त्यांच्यासाठी निवास-न्याहारी योजना आहे.

आधी पात्रता. अशा धंद्याला राजवाडाच लागतो, ही समजूत चुकीची आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज हॉटेलांच्या व्याख्येत राजवाडे, किल्ले, हवेल्या यांच्या पंगतीला राहती घरेही बसवली आहेत. मुख्य अट, वास्तू 1950 पूर्वीची हवी. घरपट्टीची जुनी पावती देवघरातल्या पेटीत असते, तिथे शोधावी. आकारानेही घाबरून जाऊ नये. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलचे नाव आज सगळ्या जगात घेतात. 1887 साली सार्कीज आडनावाच्या आर्मेनियन भावांनी ते सुरू केले तेव्हा तो समुद्राकाठचा दहा खोल्यांचा बंगला होता, आणि तोही एका अरब व्यापाऱ्याकडून भाड्याने घेतलेला. तुमचे घर तर स्वतःचे आहे (निदान तुमच्या हिश्श्यापुरते, तो विषय पुढे येतो). माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कोठीची खोली, दोन्ही बाजूंच्या पडव्या, माळा, असे मोजत गेले की सात भरतात. आठवा गोठा. त्याला ‘कॉटेज’ म्हणावे.

त्यानंतर हवा मोठा पाहुणा. ऐतिहासिक हॉटेल चालते ते येऊन गेलेल्या पाहुण्याच्या जिवावर, येणाऱ्याच्या नव्हे. पॅरिसच्या रिट्झमध्ये कोको शानेल 34 वर्षे राहिली, तिच्या नावाची दालने आज भाड्याने मिळतात. इस्तंबूलच्या पेरा पॅलेसमध्ये 411 नंबरची खोली अगाथा ख्रिस्तीची म्हणून दाखवतात. इंग्लंडात हॅरोगेटच्या ओल्ड स्वान हॉटेलने याहून कमी भांडवलात काम भागवले आहे. 1926 साली याच बाई घरातून नाहीशा झाल्या, अकरा दिवस अख्खा देश त्यांना शोधत होता, आणि त्या तिथे खोट्या नावाने उतरलेल्या सापडल्या. त्या अकरा दिवसांवर ते हॉटेल अजून नाव सांगते. आपल्याकडे न सांगता मुंबईला निघून गेलेली माणसे वाडीवाडीत आहेत, काही तर म्हातारपणी परतलीही; पण त्यांच्या खोलीबाहेर पितळी पाटी लावायचे कोणाला सुचले नाही.

रत्नागिरीने तर अख्खा राजा ठेवून घेतला होता. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 साली तिथे आला आणि 1916 साली तिथेच वारला. तीस वर्षांचा मुक्काम, खर्च इंग्रज सरकारचा, आणि आता त्याच्या राजवाड्यात संग्रहालय. इकडे राजा कैदेत बसला असताना तिकडे त्याच्या देशात, रंगूनला, त्याच सार्कीज बंधूंनी 1901 साली स्ट्रँड हॉटेल उघडले. या भावांना रत्नागिरीचा पत्ता कोणी दिला असता तर आज हे मार्गदर्शन लिहावे लागले नसते.

मंडणगड तालुक्याला राजा मिळाला नाही, पण बाणकोट आहे. तिथला किल्ला 1756 पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले, आणि 1822 साली ठाणे रत्नागिरीला हलेपर्यंत दक्षिण कोकणचा कारभार याच बाणकोटच्या खाडीच्या तोंडावरून चालला. म्हणजे एवढी वर्षे साहेब लोक इथे वावरत होते, आणि पाऊस तेव्हाही चार महिनेच होता. एखादा साहेब सर ओसरेपर्यंत आपल्या खापरपणजोबांच्या पडवीत उभा राहिला नसेल, हे कोणी सिद्ध करून दाखवावे. पाटीवर मात्र ‘राहिला’ असे लिहू नये, ‘राहिला असे सांगतात’ असे लिहावे. सांगणारे तुम्हीच असल्यामुळे ते खोटे ठरत नाही. एक पथ्य पाळावे. किल्ल्याचे नाव व्हिक्टोरिया राणीवरून पडले, असे पाहुण्याला ठोकून देऊ नये. राणी जन्मली 1819 साली, आणि पाहुण्यांत एखादा पुण्याचा असतोच.

आख्यायिका खरी असण्याची गरज नाही, हे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाने दाखवून दिले आहे. ते 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य काम पुरे होण्याआधी वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने इमारत शेवटास नेली. एका मराठी माणसाने ताज आखले, ही खरी हकीकत दहांतल्या नऊ मुंबईकरांना ठाऊक नसेल. ठाऊक असते ती दुसरीच: हॉटेल चुकून उलटे बांधले गेले, तोंड समुद्राऐवजी शहराकडे झाले, आणि ते पाहून आराखडा करणाऱ्याने जीव दिला. यात तथ्य नाही, पण ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. तुमच्या आजोबांनीही घराची पाठ खाडीकडे केली असेल. त्यांचे कारण खारा वारा आणि नैर्ऋत्येचा पाऊस. हे कारण पाहुण्याला सांगू नये, फार समजूतदार आहे. गवंड्याने नकाशा उलटा धरला म्हणून सांगावे. नकाशा मुळात नव्हताच, हे कोणी विचारत नाही. जीव मात्र कोणाला द्यायला लावू नये. गवंड्याचे नातू शेजारच्याच वाडीत राहतात.

वाघाचीही सोय करता येते. रॅफल्सच्या उंच जोत्यावर बांधलेल्या बिलियर्डच्या खोलीखाली 1902 साली सर्कशीतून सुटलेला वाघ शिरला, जवळच्या शाळेच्या हेडमास्तरांना बोलावून तो मारला, आणि तेव्हापासून हॉटेल त्या वाघावर जगते आहे. आपल्या गोठ्यामागून बिबट्या फुकट जातो आणि आपण वनखात्याला फोन लावतो. हेडमास्तरांना मात्र बोलावू नये. त्यांना निवडणूक आणि जनगणनेची कामे असतात, शिवाय बिबट्या मारणे गुन्हा आहे.

आता अवघड भाग: सुखसोयी. इथे मुंबईच्या मुलाची बाजू थोडी ऐकून घ्यायला हवी, कारण तिच्यात दम आहे. आज ज्या हॉटेलांच्या जुनेपणावर जग भाळते, ती बांधली तेव्हा जुनेपणाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांसाठीच बांधली होती. लंडनच्या सॅव्हॉयने 1889 साली विजेचे दिवे आणि विजेवर चालणारे पाळणे मिरवले. रिट्झने 1898 साली खोलीला लागून न्हाणीघर दिले, ही त्या काळी धक्का बसण्याजोगी गोष्ट होती. ताजने वीज आणली, लिफ्ट आणली. जमशेटजी टाटांना कोणी ‘थोडे जुने वाटेल असे बांधा’ म्हटले असते तर त्यांनी त्याला दारापर्यंत पोचवले असते. तेव्हा नवे हवे म्हणणारा तुमचा मुलगा जमशेटजींच्याच वाटेने चालला आहे. फरक एवढाच की जमशेटजींनी बांधलेले पुढच्यांनी पाडले नाही. ऐतिहासिक हॉटेलाची पाककृती खरे तर याहून मोठी नाही. आपल्या काळातले सगळ्यात नवे, सगळ्यात चांगले बांधावे, आणि मग शंभर वर्षे कोणाला हात लावू देऊ नये. जांभ्याचा चिरा आणि फणसाचा खांब ही आजोबांच्या काळातली चांगली वस्तू होती. तुमच्या काळातली कोणती, ते मुलाला विचारून बघावे.

एक अपवाद. शौचालय ऐतिहासिक ठेवू नये. झोपाळ्याची करकर, कौलांतून ठिबकणारे पाणी, माळ्यावरचा उंदीर, तांब्याच्या बंबाचा धूर, हे सगळे प्रवासी कौतुकाने सोसतो आणि फोटो काढतो. परसाकडे मात्र कंदील घेऊन जाण्यात त्याला इतिहास दिसत नाही. पहिला खर्च इथे करावा, दुसरा कौलांवर. टीव्ही शेवटी, आणि नाही घेतला तर उत्तम. ‘इथे टीव्ही नाही’ हीच एक सोय म्हणून लिहिता येते.

आता भाऊबंदकी. मोठमोठी हॉटेले युद्धांना पुरून उरली, पण मालकीच्या गुंत्याला नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल होते. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणला होता. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथेच. मार्क ट्वेनही त्याच साली तिथे उतरला होता. पुढे हॉटेल बंद झाले, इमारतीत वकिलांच्या कचेऱ्या, दुकाने, भाडेकरू, पार्टिशनच्या आत पार्टिशन झाले, आणि आज ती एस्प्लनेड मॅन्शन नावाने टेकू लावून उभी आहे. दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न तिथे सुटला नाही.

तुमच्याकडे तो सुटेल या भ्रमात राहू नका. कागदावर सतरा नावे असतात. त्यांतली चार वारलेली, दोन विरारला, एक आत्या नालासोपाऱ्याला, आणि एक चुलतभाऊ असा, की घराकडे कधी फिरकला नाही पण पाटी लागली त्याच दिवशी वकिलाकडे जाईल. संमतीपत्र गणपतीत घ्यावे. एरवी सगळे एका ठिकाणी भेटत नाहीत, आणि आरतीनंतर माणूस नाही म्हणायला कचरतो. उकडीचे मोदक वाढून झाल्यावर, दुसरे तूप पडायच्या आत कागद पुढे करावा. होळीला हा विषय काढू नये. पालखी कोणाच्या अंगणात आधी थांबायची, हा वाद तेव्हा आधीच चालू असतो.

जेवणाचा विचार फार करू नका, तो विचार केला की बिघडतो. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी, सकाळी घावणे. पनीर मागणाऱ्याला नम्रपणे फणसाची भाजी वाढावी. नाटकाची हौस असेल तर रॅफल्सकडे बघावे. तिथल्या लाँग बारमध्ये पाहुणे शेंगा खातात आणि टरफले जमिनीवर टाकतात, आणि रस्त्यात कचरा टाकला तर दंड करणाऱ्या सिंगापुरात हे बघायला लोक लांबून येतात. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांच्या टरफलांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण तिचे दर आपण कधी ठरवले नाहीत. याच लोकमान्यांचा अखेरचा मुक्काम मुंबईच्या सरदारगृहात होता. 1 ऑगस्ट 1920 रोजी ते तिथेच गेले. मराठी माणसाच्या इतिहासात एवढे मोठे हॉटेल दुसरे नसेल, आणि त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ते माहीत असते, हा हिशेब करत बसू नये.

नोकरवर्ग बाहेरून आणायची गरज नाही. मुंबईच्या हॉटेलांत आयुष्य घालवून गावी परतलेला एखादा काका बहुतेक वाडीत असतो. गावकीच्या खोलीत ट्रंकेवर ट्रंक रचून झोपलेला, पण दिवसभर दुसऱ्यांच्या पलंगपोसाच्या सुरकुत्या काढलेला हा माणूस. त्याला नेमावे, पगार द्यावा आणि त्याचे ऐकावे. सॅव्हॉयमध्ये तेराच जण जेवायला बसले तर अपशकून टळावा म्हणून चौदाव्या खुर्चीवर कास्पर नावाचे लाकडी मांजर बसवतात. आपल्याकडे मांजर न बोलावता येते आणि माशाचे डोके घेऊन जाते. काका ते सांभाळतील.

दर ठरवताना हात थरथरेल. वेळासला कासवांची पिल्ले बघायला येणारी मंडळी गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, पडवीत ओळीने झोपतात आणि खुशीत जातात, पण ती येतात कासवांसाठी. घरासाठी कोणी पैसे देईल यावर मंडणगडकराचा विश्वास बसत नाही. त्याने शहराजवळचे एखादे महागडे रिसॉर्ट बघून यावे. तिथल्या जेवणघराचे नक्षीचे खांब, पितळी कड्यांचे दार, स्वागतकक्षातला झोपाळा नीट बघावा. हे सामान कोणाच्या तरी पाडलेल्या घराचे असते. घनफुटावर विकलेले, पॉलिश करून उभे केलेले. त्याच्याखाली बसून चहा घ्यायचे वेगळे पैसे पडतात.

म्हणून शेवटची सूचना. भात कापून झाला की जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन गावोगाव फिरायला लागतो. गोड बोलतो, वाळवी लागली आहे म्हणतो, रोख देतो. दारात आला तर त्याला चहा द्या. खांबांना टेप लावू देऊ नका.