चेअरमनसाहेबांचं शुद्धलेखन

आमच्या गावाने मला शेतकरी उत्पादक कंपनीचा चेअरमन केलं, त्याचं खरं कारण माझं अक्षर. उभा जन्म हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेला. वडिलांच्या कृपेने सात एकर कोरडवाहू माझ्या नावावर आहे, म्हणून कायद्याच्या लेखी मी 'उत्पादक'. जमीन पुतण्या कसतो. मी पिकवतो ती वाक्यं.

केंद्र सरकारने 2020 साली देशभरात 10,000 शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करायची योजना आणली. तिची माहिती द्यायला मार्गदर्शक संस्थेचा एक तरुण मारुतीच्या पारावर आला. व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मिळणार. शिवाय सभासद जेवढं भागभांडवल जमवतील तेवढंच सरकार घालणार. सभासदामागे 2,000 रुपये आणि कंपनीला जास्तीत जास्त 15 लाख. मार्गदर्शक संस्थेला प्रत्येक कंपनीमागे पाच वर्षांत 25 लाखांपर्यंत मिळतात, हे मात्र तो बोलला नाही. ते मी पुढे योजनेच्या सूचनांत वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह मला नव्याने कळला.

मी तिथल्या तिथे 18 अधिक 15 अशी बेरीज केली आणि भाषणाला उभा राहिलो. गोदाम, डाळमिल, स्वतःचा ब्रँड! भाषण संपेपर्यंत आमचं सोयाबीन दुबईला पोचलं होतं. प्रत्यक्षात ते मार्केट यार्डात न्यायला टेम्पो मिळत नव्हता.

मैदानी भागात अशा कंपनीला किमान 300 सभासद लागतात. भाग विकायला मी घरोघर निघालो. भागभांडवल म्हणजे काय, सामूहिक मालकी म्हणजे काय, हे मी पाठ नववीचा असल्यासारखं समजावत असे. लोक अदबीने ऐकत, चहा देत आणि पैशाचं काढलं की म्हशीला पाणी पाजायला उठत. एका आजीबाईने स्पष्टच विचारलं, "सर, सरकार हजाराचं दोन हजार करनार म्हनता. मागं एक जन असंच म्हनून पैसे घेऊन गेला, तो अजून यायचा हाय." शेवटी पुतण्याने "कंपनीचं खताचं दुकान निघणार" एवढं एकच वाक्य फिरवलं आणि पावतीपुस्तकं संपली. माझ्या व्याख्यानांचा त्यात वाटा नव्हता, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.

मग कागद. एकाच माणसाचं नाव आधारवर ज्ञानोबा, सातबाऱ्यावर ज्ञानेश्वर आणि बँकेच्या पासबुकात ज्ञानदेव. मला यात भाषेची समृद्धी दिसली. बँकेला तीन माणसं दिसली.

तरी जूनमध्ये नोंदणी झाली आणि संचालक मंडळाच्या पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मी रात्र जागून लिहिलं. 'मृगाच्या सरी नुकत्याच ओसरल्या होत्या, आणि तरीही संचालकांच्या मनात आशेचे कोंभ' अशी सुरुवात होती. तालुक्याच्या सीएने ते दोनदा वाचलं. म्हणाला, "सर, कोण हजर होतं आणि काय ठरलं, एवढंच पाहिजे. कोंभ ऑडिटला लागत नाहीत."

उत्पादक कंपनीने पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीपासून 90 दिवसांत घ्यायची असते. मी 15 ऑगस्ट निवडला. झेंड्याला गाव जमतंच, जिलेबी शाळेची आणि माईकही शाळेचा. सभा अपूर्व झाली, टाळ्यांनी पत्रे हादरले. सीए म्हणाला, "सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ही सभा चालत नाही. कायद्यात लिहिलंय. पुन्हा घ्या." म्हणजे पुन्हा 14 दिवस आधी नोटीस, पुन्हा कामकाजाची वेळ, पुन्हा कोरम. कोरम म्हणजे सभासदांच्या एक चतुर्थांश. आमचे सभासद 312, म्हणजे 78 डोकी हवीत. माझी तारीख पडली पोळ्याच्या दिवशी. बैलांच्या मिरवणुकीला सगळं गाव लोटलं होतं. माझ्या सभेला मी, पुतण्या आणि सावलीला आलेला पोस्टमन.

पुतण्या उठून कुठेतरी गेला. थोड्याच वेळात माणसांची रीघ लागली, कोरम पूर्ण झाला, सह्या झाल्या. माझ्या नेतृत्वाची ही पावती समजून मी संचालकांचा अहवाल सावकाश, विरामचिन्हांसह वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर मागून आवाज आला, "सर, युरियाची गाडी कुठं लागलीय?" देवळाच्या भोंग्यावरून काय पुकारलं गेलं होतं, ते तेव्हा मला कळलं. उरलेला अहवाल वाचल्याचं गृहीत धरण्यात आलं.

पुढे वर्ष संपल्यावर तोच अहवाल ताळेबंदासोबत ऑनलाइन भरायचा होता. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता मुदत टळली. कंपनी कायद्यात उशिराचा दंड प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये आहे, आणि फॉर्म दोन होते. 'पूर्ती'चा पू दीर्घ निघाला. कंपनीला तो महाग पडला.

आता अनुदानाचं. पूर्ण 15 लाख मिळवायचे तर 2,000 रुपये भरणारे 750 सभासद लागतात. आमच्याकडे हजार भरणारे 312. सरकारने नियमाप्रमाणे 3 लाख 12 हजार दिले, एक रुपया इकडेतिकडे नाही. हे पैसे कंपनीच्या भांडवलात जातात आणि सभासदाच्या नावावर तेवढे जादा भाग चढतात. मी हे पाटीवर आकृती काढून समजावलं. आजीबाई म्हणाली, "भाग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. माझं वरचं हजार रोख द्या." मी पुन्हा आकृती काढली. तिने पिशवी उघडून धरली.

योजनेला मी नावं ठेवणार नाही. सूचना सोप्या आहेत, आधी वाचल्या असत्या तर दुबई भाषणात आलीच नसती. माझी तक्रार एकच आहे. व्यवस्थापनाचे पैसे तीन वर्षांनी थांबतात, आणि कोरडवाहू गावातली कंपनी तेवढ्यात जेमतेम कोरम जमवायला शिकते. पुढचा पगार कंपनीने स्वतःच्या धंद्यातून काढायचा, आणि आमच्या धंद्यात सध्या खताचं दुकान आहे, तेही उधारीवर.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत कृषी पदवीधर मुलगा किंवा मुलगी असेल, तर जरूर कळवा. आमची सीईओची जागा रिकामी आहे. योजनेतून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार मिळतो. हिशेब आला पाहिजे, कंपनी कायदा वाचायची तयारी पाहिजे. मराठी कसंही चालेल.