इंग्रजीचे सर व्हा : नांदेड-लातूर आवृत्ती

प्रथम अभिनंदन. शिष्यवृत्तीच्या इंग्रजी वर्गातून तुम्ही बाहेर पडलात आणि आता तुम्हालाच शिकवायला उभं करणार आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००४ साली मोरोक्कोत 'ॲक्सेस' कार्यक्रम सुरू केला. बेताच्या घरातल्या मुलांना शाळा सुटल्यावर इंग्रजी शिकवायचं, ही त्याची रीत. तसल्याच वर्गात तुम्ही गाणी म्हटलीत, नाटकं बसवलीत, इंग्रजीतून भांडलातसुद्धा. ते सगळं आधी विसरा.

साहित्य : खडू, गाईड, खणखणीत आवाज.

कृती : वर्गात शिरताच फळ्यावर टेन्सचा तक्ता काढा. बारा रकाने. रंगीत खडू असला तर उत्तम. पालक खिडकीतून बघत असतात. मुलांनी तो वहीत उतरवेपर्यंत तास संपतो. कुणी "सर, ह्ये बोलायचं कवा?" असं विचारलंच, तर "परीक्षेला नाही" म्हणून मोकळे व्हा.

लातूरच्या ट्यूशन एरियात फलकावर आपला फोटो झळकेल, अशी आशा धरू नका. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे सर झळकतात. नीटच्या पेपरात इंग्रजी हा विषयच नाही, मग तुमचा फोटो कोण लावणार?

नोकरीची वाट सरळ आहे : डी.एड. किंवा बी.एड., मग टीईटी, मग टेट (हो, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत), मग पवित्र पोर्टल. तोवर तासिका तत्त्वावर शिकवा. नांदेडला एखाद्या लग्नात पाहुण्यांनी "सध्या काय करायलाव?" म्हणून विचारलं, तर "इंग्लिश मीडियमला आहे" एवढंच सांगा. पगारावर विषय येण्याआधी जेवायला बसा.

धोक्याची सूचना : मागच्या बाकावर एखादी मुलगी असते, रविवारी आईबरोबर बाजारात वांगी विकणारी. चुकूनही तिला "मला इंग्रजीत वांगी विक" म्हणू नका. ती उभी राहील, पदर खोचल्यासारखी ओढणी खोचेल आणि म्हणेल, "नो सर, ट्वेंटी ओन्ली. यू टच, यू बाय!" मग सगळा वर्ग गिऱ्हाईक होतो, मुख्याध्यापक आवाज ऐकून धावत येतात आणि तक्ता सातव्या रकान्यावरच अडकतो.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. तेव्हा पहिलीत बसलेल्यांनी आता तिशी ओलांडली आहे. त्यांतले काही तुमच्या स्टाफरूममध्ये सिनियर म्हणून भेटतील. तक्ता त्यांच्याकडूनच मागून घ्या, जपून ठेवलेला असतो.