इंग्रजीच्या भेंड्या

अर्नाळ्याहून विरारला कॉलेजात जाणारी काही मुलं रविवारी माझ्या ओटीवर इंग्रजी शिकायला जमतात. पन्नास शब्द अर्थासकट लिहून दिले, की माना डोलावतात आणि पुढच्या रविवारी कोऱ्या पाटीनिशी हजर होतात. शेवटी मी वह्या मिटायला लावल्या आणि भेंड्या सुरू केल्या. गाण्यांच्या नव्हे, इंग्रजी शब्दांच्या.

मराठी भेंड्यांत 'ण' आला की भलेभले गारद. इंग्रजीत छळते ती 'ई'. बघावा तो शब्द तिच्यावरच संपतो. 'एग' आणि 'एलिफंट' होऊन गेले की पुढे सगळी शांतता. मग मुलं घरूनच 'ई'चे शब्द पाठ करून येऊ लागली. माझ्या धाकानं जे झालं नसतं, ते दुसऱ्याची जिरवायच्या हौसेनं झालं.

पुढे अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द जुळवायचं स्क्रॅबल आलं. ते रचणारा आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन आर्किटेक्ट. 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकार झाला आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं हे वर्तमानपत्रांत मोजत बसला. म्हणून 100 सोंगट्यांत 'ई' 12 आणि 'क्यू' एकच, पण 10 गुणांचा! बेकारीत पेपर आपल्याकडेही वाचतात. पण आपण अक्षरं मोजत नाही, सरकार पाडतो. आमच्या सोंगट्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या. 'क्यू'च्या पाठीवर अजून अर्धा गणपती आहे.

एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलानं परवा 'इडली' लावली.

"सर, हे काय इंग्रजी आहे?"

"डिक्शनरीत बघ ना!"

ओटीचा मासळीबाजार झाला. डिक्शनरी तिघांनी मिळून ओढली. इडली निघाली! तिच्या वर 'आयडल' म्हणजे रिकामटेकडा, खाली 'आयडॉल' म्हणजे मूर्ती.

"म्हणजे इंडियन आयडॉल आळशी नसतो तर!" एकीनं जाहीर केलं. हे तीन शब्द आता कुणी जन्मात विसरायचं नाही.

भांडताना माणूस व्याकरणाला भीत नाही. चुकलं तर एक डाव जातो, अब्रू जात नाही. तेव्हा प्राध्यापक मंडळींनो, वर्गात भेंड्या जरूर लावा. फक्त त्यांना इंटर्नलचे गुण ठेवू नका. पोरं पुन्हा मुकी होतील.